वीस सेकंद पुढं, वीस सेकंद मागं

मुलांनो, आमच्या सांगलीच्या घरात रेडिओ एक आणि ऐकणारी माणसं पाच. त्यामुळं भांडण रोजचंच! आजीला सकाळची भक्तिगीतं हवीत, आईला दुपारी विविधभारती, मला बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची गीतमाला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शनिवारी रात्री आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. त्या वेळी घरात कुणी भांडं जरी वाजवलं तरी अण्णा मान वर करून नुसते बघायचे. ते हायस्कुलात गणित शिकवत आणि भजनी मंडळात तबला वाजवत. दोन्हीकडं चूक खपवून घेत नसत.

राहिला दादा. त्याला जे हवं होतं ते रेडिओवर कुठंच लागत नव्हतं. रात्री सगळे झोपले की तो शॉर्टवेव्हवर सुई फिरवत बसायचा. खरखर, शिट्टी, कुठल्यातरी परक्या भाषेतल्या बातम्या आणि मधेच कधीतरी दोन मिनिटं गिटार. तेवढ्यावर तो खूश असे.

गोष्ट १९८४ सालची. मी सातवीत होते, दादा अकरावीत. त्याच्या मित्राच्या काकांनी इंग्लंडहून एक कॅसेट आणली होती. ती दादानं दोन दिवसांसाठी मागून आणली. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्रज वादकांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३ सालचा अल्बम. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आला, दार लोटलं गेलं आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकू लागलो. कॅसेट उलटवली, तर दुसरी बाजू सुरू झाली ती नाण्यांच्या खणखणाटानं! नाणी पडताहेत, कागद फाटतोय, दुकानातला गल्ला उघडतोय, आणि हे सगळं तालात.

बाहेर अण्णा पेपर तपासत बसले होते. ते किराणा घराण्याच्या गाण्याचे भक्त. तिथूनच ओरडले, "किराणा घराण्याच्या घरात हे कसलं रे किराणा दुकान काढलंयस?"

दादानं आवाज कमी केला. पण दोनच मिनिटांत अण्णा दारात उभे! आता कॅसेट बंद होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. हळूच पाहिलं तर अण्णांच्या हातातली लाल पेन्सिल दाराच्या चौकटीवर टकटक करत होती.

"सात," अण्णा म्हणाले. "अरे, सात मात्रा आहेत या! आपल्या रूपकाला असतात तेवढ्या."

आम्ही गप्प. थोड्या वेळानं गिटार सुरू झाली तशी पेन्सिल अडखळली. "आता चार कशा झाल्या? का झाल्या?" दादाला काय माहीत! मग गिटार थांबली, गाणारा परत आला आणि अण्णा जवळजवळ ओरडलेच, "आले, आले! सातावर परत आले!"

एवढं बोलून ते पेपर तपासायला गेले. जाता जाता म्हणाले, "आवाज कमी कर."

त्या गाण्याचं नाव 'मनी', म्हणजे पैसा. दादानं पुढं कुठंतरी वाचून मला सांगितलं, की तो नाण्यांचा ताल करण्यासाठी वादकांनी वेगवेगळे आवाज टेपवर घेतले, त्या टेपचे तुकडे मोजून कापले आणि एकापुढं एक चिकटवून त्याचं कडं केलं. कडं फिरत राहिलं की आवाज पुन्हा पुन्हा येणार. आज तुम्ही संगणकावर हे एका मिनिटात कराल. तेव्हा हे काम कात्रीनं चालायचं.

आता तुम्ही विचाराल, हे कसलं संगीत? याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढं जाणारं. पण ते समजून घ्यायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल, थेट तबकडीपर्यंत.

जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ वेळा फिरायच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा तासभर फुलणारा राग त्यांना तेवढ्यात गाऊन संपवावा लागला. आमच्या शेजारच्या मिरजेत राहणारे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले. त्यांचा आवाजही आपल्याला ऐकायला मिळतो तो असाच तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत. अण्णा नेहमी हळहळायचे. म्हणायचे, "समुद्र तांब्यात भरलाय रे!"

मग १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी आली. ती सावकाश फिरे आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त संगीत मावे. भांडं मोठं झालं तसा स्वयंपाकही बदलला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना वाटलं, वीस मिनिटं मिळताहेत तर तीन-तीन मिनिटांची गाणी का करायची? आपण लांबलचक गोष्ट का सांगू नये? १९६९ साली किंग क्रिमसन या गटाची पहिली तबकडी आली. १९७२ साली येस या गटानं अठरा मिनिटांहून लांब गाणं केलं. ते तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापतं. जेथ्रो टल या गटानं तर त्याच वर्षी कमाल केली. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं! अर्ध्यात उठायचं, तबकडी उलटवायची, पुढचं ऐकायचं. माइक ओल्डफील्ड या मुलानं 'ट्युब्युलर बेल्स' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि त्यातली बहुतेक वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली होती.

यांच्या संगीतात बासरी येई, व्हायोलिन येई, चर्चमधला ऑर्गन येई. मेलोट्रॉन नावाचं एक गमतीचं वाद्य होतं. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की टेपवर घेतलेलं खरं व्हायोलिन वाजायचं. टेप असायची आठेक सेकंदांची. ती संपली की बोट उचलावंच लागायचं!

पण १९७० च्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं. लहान, झटपट, रागीट गाणी आली. लांब गाण्यांना लोक हसू लागले आणि रेडिओवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. ती आवडणारे मात्र संपले नाहीत. ते फक्त विखुरले. एका गावात एक, दुसऱ्या गावात दोन. सांगलीत किती? दादाच्या मोजणीप्रमाणं अडीच. एक तो, एक त्याचा मित्र आणि अर्धी मी.

पुढं दादा इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि १९९५ साली ती चांगली नोकरी सोडून कॅनडाला निघाला. अण्णांना ते मुळीच पटलं नाही. "इथं काय कमी आहे?" हा त्यांचा प्रश्न आणि "मला बघायचंय" हे दादाचं उत्तर. दोघांचाही आवाज चढला. दादा निघाला त्या दिवशी आम्ही सगळे सांगली स्टेशनवर पोचवायला गेलो. अण्णा आले नाहीत. गाडी हलेपर्यंत दादा जिन्याकडं बघत होता.

त्यानंतर फोन यायचा, नाही असं नाही. पण अण्णांशी बोलणं तीन वाक्यांचं. "बरा आहेस ना?" "हो. तुमची तब्येत?" "बरी आहे. आईला देतो." असं एक-दोन नाही, दहा वर्षं चाललं. मुलांनो, मोठी माणसंही कट्टी करतात बरं का, फक्त ती तसं म्हणत नाहीत.

आता इथं आपल्या गोष्टीत इंटरनेट येतं.

७ नोव्हेंबर १९९४ या दिवशी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्रानं आपलं प्रसारण इंटरनेटवरूनही सोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी रिअलऑडिओ हे सॉफ्टवेअर आलं आणि साध्या टेलिफोनच्या तारेवरूनही आवाज ऐकता येऊ लागला. गंमत म्हणजे ते करणाऱ्या कंपनीचं तेव्हाचं नाव होतं प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स! दशक संपता संपता अशी सॉफ्टवेअर आली की घरातल्या संगणकावरून कुणालाही स्वतःचं रेडिओ केंद्र चालवता यावं. मनोरा नको, स्टुडिओ नको.

गावोगाव विखुरलेल्या त्या मंडळींना आणखी काय हवं होतं? एका गावात एकच श्रोता असेल तर त्याच्यासाठी कोण रेडिओ काढणार? पण हजार गावांतले हजार जण एकत्र आले की झालंच की केंद्र! नावं तरी काय एकेक. 'ऑरल मून', म्हणजे कानाचा चंद्र. 'डेलिशिअस ॲगनी', म्हणजे चविष्ट वेदना. तिथं इंग्लंडचे जुने गट तर लागतच, पण इटली, स्वीडन, हंगेरी, जपान इथलेही लागत. इटलीतल्या एका गटाच्या नावाचा अर्थ आहे 'बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी'. मार्कोनी हे नाव तुम्ही रेडिओच्या धड्यात वाचलं असेल. इथं मात्र तो पाववाला!

दादाला असंच एक केंद्र सापडलं. अगदी छोटं. निवेदक अमेरिकेतल्या एका गावात आपल्या घराच्या तळघरात बसून शनिवारी रात्री तासभर कार्यक्रम करायचा. २००६ साली आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. मी लग्नानंतरही सांगलीतच, माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहत होते. संगणक माहेरीच ठेवला होता. दादानं मला केंद्राचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, "रविवारी सकाळी साडेसातला लाव. इथं तेव्हा शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. आपण एकाच वेळी ऐकू. अण्णा असले तर असू देत."

अण्णा होतेच. आधी त्यांनी हिशेब मागितला. त्या काळी महिन्याला ठरावीक मेगाबाइटच मिळत, जास्त झाले की बिल फुगे. त्यांनी वही काढली. आवाज येतो सेकंदाला १२८ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. एका तासाचे झाले सुमारे ५८ मेगाबाइट. चार रविवारांचे २३२. "परवडेल," अण्णा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत, पण खुर्ची मात्र संगणकाजवळ ओढून घेतली.

पहिल्याच रविवारी एक गंमत झाली. दादा फोनवर होता. मधेच म्हणाला, "वा! काय बासरी आहे!" आमच्याकडं तर नुसता ऑर्गन. आम्ही एकमेकांकडं बघतोय, तोच वीसेक सेकंदांनी आमच्याकडंही बासरी सुरू झाली. थोड्या वेळानं दादा म्हणाला, "आता ढोल ऐका." आणि वीस सेकंदांनी ढोल! अण्णा मला हळूच म्हणाले, "आपला पोरगा कॅनडात जाऊन ज्योतिषी झाला की गं!"

असं का होतं, सांगू? तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना? नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं. पण टाकी भरलेली असली की तुमच्या नळाला धार एकसारखी. इंटरनेटवरचा आवाजही असाच थांबत-अडखळत येतो. म्हणून संगणक आधी थोडा आवाज साठवून घेतो आणि मग त्या साठ्यातून वाजवतो. प्रत्येकाची टाकी लहानमोठी, त्यामुळं प्रत्येकाकडं गाणं थोडं पुढंमागं. दादा वीस सेकंद पुढं आणि आम्ही वीस सेकंद मागं.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. पुढं कॅनडातली घड्याळं एक तास मागं गेली तेव्हा अण्णांनी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं, "आता साडेआठ." त्यांना ते सगळं संगीत आवडे असं नाही. काही गाण्यांना ते सरळ "पत्र्याचं दुकान" म्हणत. पण बंद करता येत नव्हतं ना! पुढं ढकलायचं बटणच नव्हतं. आवडलं नाही तरी निवेदक ते संपेपर्यंत ठेवणार. मग अण्णा निदान मात्रा मोजत. पाच, सात, मधेच अकरा. एकदा मोजता मोजता दहाव्या मिनिटाला म्हणाले, "अरे, हे सुरुवातीचंच परत आलं, पण आता वेगळं वाटतंय." मला वाटतं, त्या दिवशी त्यांना दादाचं संगीत समजलं. त्यांच्या ख्यालातही तर हेच होतं. मुखडा तोच, पण फिरून आला की नवा. तीन मिनिटांच्या तांब्यावर चिडणारे अण्णा आणि तीन मिनिटांच्या गाण्यांना कंटाळलेला दादा, दोघं खरं तर एकाच बाजूचे होते. कळायला बावीस वर्षं गेली.

फोनवरची तीन वाक्यंही वाढली. "ते मघाचं नऊ मात्रांचं होतं ना?" "नाही अण्णा, चार आणि पाच असं तोडलंय." आणि लांब गाणं लागलं की दोघंही गप्प, फोन मात्र चालू. अण्णा म्हणायचे, "गप्प बसायचे पैसे भरतो हा!" पण फोन ठेवायला त्यांनी कधी सांगितलं नाही.

एका रविवारी निवेदकानं सांगितलं, आजचं शेवटचं गाणं एका श्रोत्याच्या वडिलांसाठी. मग तो अडखळत म्हणाला, "सँग्ली, इंडिया." अण्णा ताठ बसले. गाणं होतं शक्ती या गटाचं, १९७६ साली आलेल्या तबकडीवरचं. गिटारवर इंग्रज वादक जॉन मॅकलॉक्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम आणि तबल्यावर झाकीर हुसेन. अठरा मिनिटांचं. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी तळघरातून निघालेला तबला सांगलीच्या आमच्या सोप्यात वाजत होता. "अल्लारखाँचा मुलगा ना हा?" एवढंच अण्णा म्हणाले. मग अठरा मिनिटं त्यांचा हात मांडीवर चालू होता.

गाणं संपलं. दादाकडं ते वीस सेकंद आधीच संपलं होतं. तो आमची वाट बघत पलीकडं शांत होता. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मी त्या दिवशी स्टेशनवर यायला हवं होतं रे."

दादा पुढं काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले.

मुलांनो, आता या गोष्टीतला कठीण भाग. साधा रेडिओ म्हणजे देवळावरचा कर्णा. दहा माणसं ऐकोत की दहा हजार, कर्ण्याचा खर्च तेवढाच. इंटरनेटचा रेडिओ म्हणजे पोस्टमन. प्रत्येक घरी वेगळं पाकीट न्यायचं. एका श्रोत्याला तासाला ५८ मेगाबाइट, तर शंभर श्रोत्यांना ५,८०० मेगाबाइट. श्रोते वाढले की आनंद वाढतो आणि बिलही वाढतं! त्यात २००७ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत ठरलं, की प्रत्येक गाण्यामागं आणि प्रत्येक श्रोत्यामागं मानधन वाढीव दरानं भरायचं, तेही मागच्या वर्षापासूनचं. निषेध म्हणून २६ जून २००७ रोजी तिथल्या अनेक इंटरनेट केंद्रांनी दिवसभर मौन पाळलं. मला छोट्या केंद्रांचंच खरं वाटत होतं. पण अण्णा म्हणाले, "गवयाला बिदागी मिळायलाच हवी. भजनी मंडळातसुद्धा आम्ही पेटीवाल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही. पण दक्षिणा एवढीही नसावी की सत्यनारायणच बंद पडावा." मला वाटतं, त्या वादावर याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही. पुढं वाटाघाटी झाल्या आणि काही काळ छोट्या केंद्रांना सवलतीचे दर मिळाले.

२०१२ साली अण्णा गेले. कॅलेंडरवरची लाल पेन्सिल थांबली. दादा आणि मी रविवार चालू ठेवला. पण २०१६ च्या सुरुवातीला सवलतीची मुदत संपली आणि कितीतरी छोटी केंद्रं बंद झाली. आमचंही. शेवटच्या रात्री निवेदकानं नेहमीसारखंच "पुढच्या शनिवारी भेटू" म्हटलं, बहुधा सवयीनं. मग थोडा वेळ थांबला, हसला आणि एक गाणं लावून गेला.

आणि आज? आज तर कुबेराचं भांडार उघडं आहे. दादा ज्या एका कॅसेटसाठी दोन दिवस मित्राच्या विनवण्या करायचा, ती माझ्या फोनमध्ये आहे. स्पॉटिफाय २०१९ सालच्या फेब्रुवारीत भारतात आलं. तिथं गाणं निदान ३० सेकंद वाजलं की ते 'एकदा ऐकलं' असं मोजतात. कसला बदल आहे बघा! तीन मिनिटांचा तांब्या, वीस मिनिटांची बाजू, पंचेचाळीस मिनिटांची कॅसेटची बाजू, अखंड वाहणारा इंटरनेट रेडिओ आणि आता तीस सेकंदांचा घोट. भांडं बदललं की स्वयंपाक बदलतो. आता गाणी करणारेही सुरुवात लांबवायला बिचकतात, ऐकणारा निघून जाईल म्हणून.

माझी मुलगी नववीत आहे. ती गाणं लावते, दहा सेकंद ऐकते, पुढचं. परत दहा सेकंद, पुढचं. एकदा मी चिडून म्हणाले, "अगं, एक तरी पूर्ण ऐक!" तर ती म्हणाली, "आई, मामाला जे शोधायला वीस वर्षं लागली ते मी वीस सेकंदांत शोधते. यात वाईट काय?"

खरंच, काय वाईट? मी विचार केला. तिनं शोधलेल्या गाण्यांत कोरियाची गाणी आहेत, आफ्रिकेतली आहेत, आमच्या अण्णांची नाट्यगीतंसुद्धा आहेत. आम्हाला एवढं कुठं मिळालं होतं? पण एक गोष्ट तिला त्या बटणानं मिळत नाही. जे पहिल्या दहा सेकंदांत आवडत नाही आणि दहाव्या मिनिटाला आवडतं, ते. अण्णांच्या हातात तसं बटण असतं तर त्यांनी 'पत्र्याचं दुकान' पहिल्याच मिनिटाला बंद केलं असतं. मग ते फोनवरचं वाक्य कधी बोलले असते?

हे मी तिला सांगितलं. व्याख्यान नाही दिलं हं, ही गोष्टच सांगितली. ती गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, मग आपण करू या. पण माझीही पाळी धरायची."

तेव्हापासून आमच्या घरी रविवारचा नियम आहे. फोनवर दादा, इकडं आम्ही दोघी. एका रविवारी एकानं निवडायचं, बाकीच्यांनी तक्रार करायची नाही आणि संपेपर्यंत पुढं ढकलायचं नाही. कमीत कमी वीस मिनिटं. "एक, दोन, तीन" म्हणून दोन्हीकडं एकदम लावायचं. तरी कुणीतरी एक-दोन सेकंद पुढंमागं होतंच. झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले, त्या आठवड्यात दादाची पाळी होती. त्यानं तेच अठरा मिनिटांचं गाणं लावलं. कुणीच बोललं नाही. मुलीच्या पाळीला मात्र मला कोरियन मुलांचा अख्खा अल्बम ऐकावा लागला. पहिली दहा मिनिटं दात-ओठ खाऊन बसले होते. पाचव्या गाण्याला मात्र माझंच बोट मांडीवर चालू लागलं. मुलीनं ते पाहिलं आणि काही न बोलता मामाला फोनवर सांगितलं, "आई मोजतेय!"

तुमच्या घरी करून बघाल हा प्रयोग? खर्च काही नाही. रेडिओवर करा, फोनवर करा, आजोबांच्या जुन्या कॅसेटवर करा. एकानं निवडायचं, सगळ्यांनी ऐकायचं, बटणाला हात लावायचा नाही. आजोबांची पाळी आली आणि त्यांनी दीड तासाचं कीर्तन लावलं तर पळून जायचं नाही. आणि आईबाबा, तुमच्या मुलाची पाळी आली की "हे काय रे कसलं?" हे वाक्य निदान दहा मिनिटं गिळायचं. जमलंच नाही, तर आमच्या अण्णांचा उपाय आहेच.

निदान मात्रा तरी मोजा.